पाय बरा आहे, धावायला लागले आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई 'दुखतंय का' एवढंच विचारते, मी 'नाही' म्हणते आणि विषय संपतो. त्याने तुमचं समाधान होत नाही हे मला कळतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. अंगठ्याच्या ऑपरेशननंतर आता पाय बरा आहे. कापलेलं हाड जुळलंय, एक्स-रे चांगला आलाय आणि मी परत धावायला लागले आहे. सध्या थोडं धावायचं, थोडं चालायचं, परत थोडं धावायचं, असं चाललंय. नोकरीचं, खोलीचं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात नवीन काही नाही.

बाबा, तुम्ही काकांना 'वाढलेलं हाड काढून टाकलं' असं सांगितलंत. तसं नाहीये. हाड वाढलेलं नव्हतंच. अंगठ्याच्या मागचं पावलातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला कलतं, अंगठा उलट शेजारच्या बोटावर रेलतो आणि मधला सांधा टेंगळासारखा बाहेर येतो, त्याला 'बनियन' म्हणतात. डॉक्टरांनी ते लांब हाड कापून सरळ जागी सरकवलं आणि छोट्या स्क्रूंनी पक्कं केलं. स्क्रू आतच राहतात, त्रास दिला तरच काढायचे. आता तुम्हीच बघा, टाके निघाले म्हणजे पाय बरा झाला असं कसं होईल? कापलेलं हाड जुळायलाच साधारण 6 आठवडे जातात. धावायला बहुतेकांना 3 ते 4 महिने लागतात, सांधा पक्का जोडण्याचं ऑपरेशन असेल तर आणखी जास्त. संध्याकाळी पाऊल सुजतं ते तर 6 महिने, कधी वर्षभरही चालतं. माझी सूज अजून आहे, पण ती असणारच होती. काही बिघडलेलं नाही.

आणि आई, त्याच दिवशी घरी पाठवलं, लगेच पाय टेकायला लावला, यात कुणी हयगय केली नाही. कडक तळव्याचा बूट दिला होता, वजन टाचेवर घ्यायचं, पुढच्या भागावर अजिबात नाही. बाकी वेळ पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. खोलीतली मैत्रीण सोबत होती. तू येते म्हणालीस, मी नको म्हटलं, ते दगदग नको म्हणून. तुझी आठवण येत नव्हती असं समजू नकोस.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून अंगवळणी पडलेली नाही. फिजिओथेरपीला गेलं की कुणी 'कसं आहे' विचारत नाही. विचारतात, 'शून्य ते दहामध्ये दुखणं किती?' शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. व्यायामाआधी आकडा, व्यायाम चालू असताना आकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना जो असेल तो आकडा वहीत लिहून न्यायचा. 'थोडंसं दुखतं' म्हटलं तर ते पेन हातात धरून वाटच बघत बसतात. माझ्या फिजिओचा नियम असा: तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी परत पहिल्यासारखं झालं, तर पुढे जायचं. चार झालं किंवा सकाळी पाय ताठ राहिला, तर मागच्या पायरीवर यायचं. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. आता वाटतं, त्या वहीनेच मला आवरलं, नाहीतर उत्साहात मी कधीच मैदानावर पळाले असते. आई, तुला विचारलं असतं तर तू आयुष्यभर शून्यच सांगितलं असतंस.

खरी मेहनत अंगठ्याची आहे. धावताना शेवटचा रेटा अंगठा देतो, त्यासाठी तो वर चांगला वाकावा लागतो. ऑपरेशननंतर सांधा आखडतो, मग पाऊल नकळत बाहेरच्या कडेवर पडायला लागतं आणि भार शेजारच्या हाडांवर जातो. तिथे दुखणं सुरू झालं की नवीनच उपद्व्याप. म्हणून रोज हाताने अंगठा वर-खाली वाकवायचा, जखमेच्या व्रणावर बोटांनी चोळायचं. व्रणाच्या कडेला थोडी जागा बधिर आहे, तिथला स्पर्श हळूहळू परत येतोय. मग भिंतीला नुसती बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायची. वजन अंगठ्यावर आलं की नखाखालचा रंग पांढरा पडतो. तो पडला नाही तर समजायचं, पाय अजून चोरतोय. परवा सलग सगळ्या खेपांना पडला. फिजिओने वहीत खूण केली आणि वेग थोडा वाढवायला परवानगी दिली. वेगात पळणं आणि उड्या सगळ्यात शेवटी.

'आता खेळणं पुरे' असं आजी म्हणते. तिला सांगा, दिसायला बरं व्हावं म्हणून मी हे केलं नाही. खेळाडूला तर डॉक्टर शक्यतो ऑपरेशन नकोच म्हणतात. पुढून रुंद बूट, पॅड, बोटांमधला स्पेसर, सगळं करून झालं होतं. त्याने आराम पडतो, मोठ्या माणसाचं हाड सरळ होत नाही. तरीही सराव अर्धवट सोडावा लागत होता, तेव्हा हा निर्णय घेतला. मला धावायचंच आहे.

आई, तुझ्याही पायाला हेच आहे. हे बरेचदा घराण्यात चालत येतं. तू इतकी वर्षं त्या पायावर उभी राहिलीस आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही. दुखत नसेल तर ऑपरेशनची गरज नाही, पण रुंद चपला घे आणि एकदा दाखवून ये. दादा नेईल. बाबा, तुम्ही पाठीस लागा.

पैशांचं सांगायचं राहिलं. विम्यातून बराचसा खर्च निघाला, पण रजा बिनपगारी होती म्हणून कमी पाठवले. माझ्या वाट्याचा हप्ता दादाने भरला, वहिनीने सांगितलं. त्याला म्हणावं, लिहून ठेव, पुढच्या महिन्यापासून पहिल्यासारखे पाठवते आणि मागचेही फेडते. ताईच्या लग्नाची तारीख माझ्या पायासाठी पुढे ढकलू नका. सुट्टीचा अर्ज दिला आहे. मंजूर झाली नाही तर काय, ते मी ताईशीच बोलेन, तुम्ही तिला काही सांगू नका.

आणि मावशीने आणलेल्या स्थळाचं. फोटो पाहिला, माणसं चांगली वाटतात. बोलायला माझी हरकत नाही. फक्त ऑपरेशन झालंय हे लपवू नका, आणि मुलगी पळते, लग्नानंतरही पळणार आहे, हे आधीच सांगा. ते ऐकून ते हो म्हणाले तर मला त्यांचा नंबर पाठवा.

आजीला नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी