काउंटर गप्प असला तरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जुन्या घड्याळाच्या तबकडीवरचा रंग रेडियमचा असावा अशी तुला शंका आहे, आणि सगळा किरणोत्सर्ग मोजणारे एकच यंत्र सुचवावे असे तू लिहिले आहेस. तसे यंत्र नाही. ते का नाही, हे सांगायला थोडी जागा लागेल.

किरणोत्सर्ग आपण थेट पाहत नाही. तो पदार्थातून जाताना मागे ज्या खुणा ठेवतो, त्या मोजतो. १८९६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेलला युरेनियमच्या क्षाराखाली, काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच काळवंडलेली आढळली, ती अशीच एक खूण. १९२८ च्या गायगर-म्युलर नळीत खूण म्हणजे वायूच्या अणूपासून सुटलेला इलेक्ट्रॉन. नळीच्या मधोमध असलेल्या तारेवर काहीशे व्होल्टचा दाब असतो. तिच्याकडे धावणारा इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंना धडकून आणखी इलेक्ट्रॉन सोडवत जातो आणि ठिणगीने वणवा पेटावा तसा विजेचा एक ठोका तयार होतो. आपल्याला ऐकू येते ती त्याची टिकटिक. मात्र आत शिरलेला कण दुबळा असो की जोरकस, ठोका सारखाच असतो. त्यामुळे कोण आले हे ही नळी सांगत नाही.

आणि काही जणांना ती आत घेतच नाही. शिकत असताना मी एका अल्फा स्रोतासमोर, म्हणजे जड, धनभारित अल्फा कण सोडणाऱ्या पदार्थासमोर, काउंटर (अशीच नळी बसवलेले यंत्र) धरून बसलो होतो. पार्श्वभूमीची, म्हणजे सभोवती नेहमीच असणाऱ्या किरणोत्सर्गाची, तुरळक टिकटिक सोडून काहीच ऐकू येईना, तेव्हा स्रोत निकामी झाल्याचे मी वहीत लिहूनही टाकले. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काही न बोलता नळीच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे टोपण काढले, आणि यंत्र तडतडू लागले. नळी बोटभर वर उचलताच ते पुन्हा गप्प! अल्फा कण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात, साध्या कागदानेही अडतात. त्यांच्यासाठी नळीला अभ्रकाची अत्यंत पातळ खिडकी लागते. बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, त्या मानाने सहज सापडतात.

गॅमा किरणांची (हे कण नव्हेत, क्ष-किरणांसारखा भेदक प्रकाश) अडचण उलटी आहे: ते आत येतात, पण बहुतेक सगळे काहीही न करता आरपार निघून जातात, कारण वायू फारच विरळ असतो. तिथे थॅलियम मिसळलेला सोडियम आयोडाइडचा जड स्फटिक कामाला येतो. किरणाने त्यात जितकी ऊर्जा टाकली, त्या प्रमाणात प्रकाश चमकतो आणि फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक प्रकाशाचे विजेच्या ठोक्यात रूपांतर करणारी नळी, तो मोजतो. मोजलेल्या ऊर्जांच्या आलेखात ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी (हे ऊर्जेचे एकक) शिखर दिसले की सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ ओळखता येतो. (फोटोमल्टिप्लायर येण्यापूर्वी गायगर आणि मार्सडेन यांनी अल्फा कणांच्या अशाच चमका अंधारात सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजल्या. मला त्यांच्या चिकाटीचा हेवा वाटतो.)

न्यूट्रॉनवर विद्युतभारच नसल्याने त्याला दुसऱ्याकरवी पकडावे लागते. बोरॉन-१० चा अणुगर्भ तो गिळतो आणि फुटून अल्फा कण व लिथियम-७ बाहेर टाकतो. आपण मोजतो ते हे तुकडे. मंद न्यूट्रॉन अधिक सहज गिळले जातात, म्हणून नळीभोवती त्यांना मंद करणारे पॉलिथीनचे जाड कवच घालतात.

आता यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्याविषयी. दर सेकंदाला किती अणू फुटले ते बेकरेलमध्ये, दर किलोग्रॅममध्ये किती ज्यूल ऊर्जा मुरली ते ग्रेमध्ये, आणि शरीराच्या दृष्टीने तिचे वजन किती ते सिव्हर्टमध्ये सांगतात. या वजनात अल्फाचा गुणक २०, तर गॅमाचा १. स्वस्त काउंटर ठोके मोजतो आणि समोर गॅमाच आहे असे गृहीत धरून, बहुधा सीझियम-१३७ वर ठरवलेल्या प्रमाणाने, त्यांचे मायक्रोसिव्हर्ट करतो. तुझ्या घड्याळातून बीटाही बाहेर येत असतील, तर तो आकडा डोळे मिटून मानू नकोस. याहून घातक गोष्ट अशी की प्रत्येक ठोक्यानंतर नळी क्षणभर आंधळी होते, त्यामुळे अतितीव्र किरणोत्सर्गात काही काउंटर चक्क शून्याकडे झुकतात.

घड्याळापुरते सांगायचे तर पातळ खिडकीचा गायगर काउंटर पुरे. आधी घड्याळ दूर ठेवून दहा मिनिटे पार्श्वभूमी मोज, मग तितकाच वेळ घड्याळाजवळ. शंभर ठोक्यांत दहा इकडेतिकडे होणे हा निव्वळ योगायोग असतो, म्हणून घाई करू नकोस. अल्फा काचेतून बाहेर येणार नाहीत. ते मोजण्याच्या मोहाने काच मात्र उघडू नकोस, कारण सुटलेली रंगाची भुकटी श्वासावाटे आत गेली तर तेच अल्फा सर्वांत वाईट. दोन्ही आकडे कळव.

तुझा,
जुना प्रयोगशाळेतला सोबती