ॲलर्जीच्या गोळीसोबत झोपेची आणि मनाचीही चौकशी व्हावी

महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात भिंतींना धरलेली ओल वाळते न वाळते तोच आपल्या कोल्हापूर परिसरात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, फडातले पाचट पेटते आणि पहाटेच्या धुक्यात धूर साचून राहतो. आधी बुरशीने आणि मग धुराने शिंका, चोंदलेले नाक व धाप यांनी बेजार झालेल्या मुली मी वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून दरवर्षी पाहते.

नाक बंद असलेली मुलगी रात्रभर तोंडाने श्वास घेते, वारंवार जागी होते आणि सकाळी शिणलेल्या अंगाने तासाला बसते. असे आठवडेच्या आठवडे गेले की चिडचिड होते, कारण नसताना रडू येते, वाचलेले डोक्यात राहत नाही. आणि घरचे मात्र ‘नाटके करते’ म्हणून मोकळे होतात. उलट बाजूने, मनावरचा ताण वाढला की दमाही बळावतो आणि अंगावर पित्त उठते. दमा लहानपणी मुलग्यांत जास्त आढळतो, पण वयात आल्यानंतर स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते, आणि कित्येकींचा त्रास पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढतो.

त्यात दडवादडवीचे ओझे असते. एका मुलीने इनहेलर रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला होता आणि जिना चढून धाप लागलेली असतानाही ती तो मैत्रिणींसमोर काढायला तयार नव्हती. “मॅडम, घरात स्थळं बघायला लागलेत, कुणाला कळू देऊ नका,” असे ती मला म्हणाली. श्वास घेण्याचीही चोरी वाटावी, याचे मला फार वाईट वाटले.

औषधाबाबतही सावधगिरी हवी. दमा आणि नाकाच्या ॲलर्जीवर दिल्या जाणाऱ्या मॉन्टेल्युकास्ट या औषधामुळे काही रुग्णांना भयंकर स्वप्ने, अस्वस्थता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये दिला आणि नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर उपाय लागू पडत असतील तर हे औषध टाळावे, असेही सुचवले. आपल्याकडे हेच औषध लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते आणि मुली जुन्या चिठ्ठीवर ते महिनोन्‌महिने घेत राहतात. बहुतेकांना ते सोसते, दम्याच्या काही रुग्णांना ते गरजेचेही असते, म्हणून कोणीही ते आपल्या मनाने बंद करू नये. परंतु झोप कशी लागते, मन कसे आहे, हे दोन प्रश्न डॉक्टरांनी गोळी लिहून देताना आणि पुढच्या प्रत्येक भेटीत विचारावेत, ही कळकळीची विनंती आहे. मन फार खचलेल्या मुलीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात ‘आजार’ या रकान्यापुढे बहुतेक पालक ‘नाही’ असे लिहितात. तो रकाना त्यांनी खरा भरावा. मध्यरात्री मुलीची धाप वाढली, तर तिच्याजवळ धावणाऱ्या आम्हाला तेवढीच माहिती हाताशी असते.

आपली,
एक वसतिगृह अधीक्षिका, कोल्हापूर