जपानी खुरप्यांची निवड आणि निगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसबाग किंवा गच्चीवर बाग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आता जपानी खुरपी येऊ लागली आहेत. घेताना लोक किंमत आणि चकाकी पाहतात आणि घेतल्यावर त्यांना कुदळीसारखे राबवतात. चांगले पोलाद असे वाया जाताना पाहवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

यावलच्या माझ्या परसात अशी दोन हत्यारे आहेत. पहिले ‘होरीहोरी’. जपानीत ‘होरु’ म्हणजे खणणे. याचे पाते वीतभर लांब आणि पन्हळीसारखे किंचित खोलगट असून एका कडेला सरळ धार, तर दुसऱ्या कडेला करवतीसारखे दाते असतात. दुसरे ‘नेजिरीगामा’. त्याचे पातळ, आखूड पाते दांड्याशी तिरके वळवलेले असते. ते स्वतःकडे ओढायचे, म्हणजे मातीच्या पापुद्र्याखालून तणाची मुळे कापली जातात. काळ्या जमिनीत मात्र वाफसा आल्यावरच ते नीट चालते. चिखलात पात्याला गोळे धरतात आणि भेगाळलेल्या जमिनीत ते नुसते घसरते.

कोणते घ्यावे, हे आपल्याकडचे तण पाहून ठरवावे. कोवळ्या, बारीक तणाच्या निंदणीला नेजिरीगामासारखे हलके हत्यार नाही. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या असतात, वरचा शेंडा कापला की तो थोड्याच दिवसांत पुन्हा उगवतो. तिथे होरीहोरी शेजारी खुपसून ढेकूळच उचलावे आणि गाठी हाताने वेचाव्यात. हरळीचेही असेच, तिचे तुटलेले कांडे मातीत राहिले तरी फुटते.

स्टेनलेसचे पाते सहजासहजी गंजत नाही, पण चांगल्या कार्बन पोलादाला जशी तीक्ष्ण धार चढते, तशी स्वस्त स्टेनलेसला सहसा चढत नाही. अनेक अस्सल जपानी पात्यांत मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो आणि धारेजवळ दोन्हींच्या सांध्याची रेघ दिसते. धार टिकावी आणि हत्यार तुटू नये, म्हणून हे करतात. आपले लोहारही कुऱ्हाडीला पोलाद चढवतात, ते याच कारणाने. होरीहोरी घेताना पात्याचे लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेले आहे का, हेही पाहावे. नाहीतर कडक जमिनीत ते मुठीपाशीच वाकते.

गेल्या वर्षी मी नेजिरीगामा धार लावण्यासाठी एका दुकानात दिला. तेथील माणसाने तो विजेच्या चाकावर दोन्ही बाजूंनी घासला. परत आला तेव्हा धारेची कड निळी पडली होती, म्हणजे ती सुमारे 300 अंश सेल्सिअस तापून पोलादाचे पाणी उतरले होते. शिवाय सपाट बाजूचा कठीण थरही बराच खरवडून गेला होता. आता त्याची धार अर्धा वाफाही टिकत नाही. अशा पात्याला ओल्या दगडावर हातानेच धार लावावी आणि तीही उताराच्या, म्हणजे तिरक्या घासलेल्या बाजूने. मागच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागू लागली की ती बाजू दगडावर सपाट टेकवून एकदोनदाच फिरवावी. जमिनीतला दगड उचकटायला खुरपे वापरू नये, पहार घ्यावी. खुरप्याने उचकटले तर त्याच्या कठीण पोलादाचा टवका उडतो.

काम संपल्यावर माती तशीच सुकू देऊ नये, कारण काळी माती ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली गंज चढतो. केळीचा चीक लागला तर पाते काळे पडते, म्हणून ते लगेच धुऊन, कोरडे पुसून तेलाचा हात फिरवावा. जपानमध्ये यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात, आपल्याकडे शिलाई यंत्राचे तेल पुरते. जवसाचे तेल लाकडी मुठीला द्यावे, पात्याला नको. ते वाळून चिकट होते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत जिल्ह्यातील कृषी प्रदर्शनांच्या आयोजकांना एक विनंती आहे. अवजारांच्या विक्रीच्या दालनांशेजारी एखाद्या जाणत्या लोहाराला बसवावे आणि लोकांसमोर हाताने धार लावून दाखवण्यास सांगावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, यावल (जि. जळगाव)