तुमच्याच गोळीने चुकवलेला तुमचाच थायरॉईड रिपोर्ट: तक्रार पत्र

दिनांक: २३ जून २०२५
कासारवडवली, ठाणे (प.)

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: तुमच्या ॲपवरून घेतलेल्या प्रसूतीनंतरच्या हार्मोन तपासणी-पॅकेजचा दिशाभूल करणारा रिपोर्ट, त्यामुळे २४ दिवस घेतलेलं चुकीचं औषध आणि नुकसानभरपाईची मागणी.
संदर्भ: १९ मे आणि २ जून २०२५ चे माझे ईमेल.

महोदय/महोदया,

माझ्या पहिल्या ईमेलला आज पस्तीस दिवस झाले. तेवढ्या काळात तुमच्याकडून मला यंत्राने पाठवलेली एक पोच, पुढच्या तपासणीवर दोनशे रुपयांची सूट देणारं कूपन आणि ४ जूनचं तीन ओळींचं उत्तर एवढंच मिळालं. त्या उत्तरात लिहिलंय, "रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे." या वाक्यावर मी फार विचार केला. ते कदाचित खरंही असेल. यंत्राला जे दिसलं ते त्याने छापलं. माझी तक्रार त्या यंत्राला काय दिसणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, याबद्दल आहे.

झालं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या हेल्पलाईनवर दर वेळी नवीन माणूस भेटतो आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर फोन "संबंधित विभागाकडे" जातो.

मला ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुलगी झाली. पहिले चार महिने झोप सोडली तर सगळं ठीक होतं. फेब्रुवारी संपता संपता केस गळायला लागले. आंघोळ झाली की मोरीच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. तुमच्या ॲपवर 'नव्या आईंसाठी' म्हणून केसांच्या गोळ्या दिसल्या. एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व), रोज दोन गोळ्या, साठ गोळ्यांची बाटली ६९९ रुपयांना, दर महिन्याला आपोआप घरपोच. २ मार्चला मी ती घ्यायला सुरुवात केली. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण ३५ मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, हे मला नंतर कळलं. मी २०,००० घेत होते. बाटलीवर हा हिशोब कुठेच नाही, "१०० टक्के शाकाहारी" मात्र ठळक अक्षरात आहे.

मार्चमध्येच थकवा सुरू झाला. साधा थकवा नाही. बाळाला मांडीवर घेऊन बसले की उठवत नसे. बद्धकोष्ठता, घोगरा आवाज, सकाळी पापण्या सुजलेल्या, वजन वाढलेलं आणि दूध कमी. ठाण्याच्या एप्रिलमध्ये, अख्खं घर पंख्याखाली घामाघूम झालेलं असताना, मी शाल घेऊन बसायचे. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीचं अंग भरून यायला वर्ष लागतं, आणि अळिवाच्या लाडवांचा आणखी एक डबा भरला. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. बाळंतपणाची रजा संपवून ७ एप्रिलला ऑफिसला जायला लागले. ऐरोली स्टेशनचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागलं, तेव्हा मात्र हे निव्वळ जागरणाचं नाही असं वाटलं.

म्हणून तुमचं 'प्रसूतीनंतरचं संपूर्ण हार्मोन पॅकेज' घेतलं, २,४९९ रुपये. त्याच ॲपवर, त्याच खात्यातून. १२ एप्रिलला सकाळी सात वाजता तुमच्याच ॲपची घंटी वाजली, "केसांची गोळी घेतलीत का?" पाण्याबरोबर दोन गोळ्या घेतल्या. पावणेआठला रक्त घ्यायला तुमचा मुलगा आला. अगदी सभ्य होता, हातही हलका. त्याने तीन प्रश्न विचारले: उपाशी आहात ना, मधुमेह आहे का, थायरॉईडची गोळी चालू आहे का. केसांच्या गोळीबद्दल विचारलं नाही, कारण त्याच्या मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. मी स्वतः पाहिलं.

रिपोर्ट आला: टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) ०.१८, म्हणजे कमी, आणि फ्री टी-फोर (थायरॉईड स्वतः बनवते ते हार्मोन) २.३, म्हणजे जास्त. थोडक्यात, थायरॉईड गरजेपेक्षा जोरात चाललेली. दुसऱ्या दिवशी तुमच्या 'हेल्थ ॲडव्हायझर'चा चार मिनिटांचा फोन आला. "थायरॉईड वाढलाय म्हणून केस गळतायत, डॉक्टरांना दाखवा आणि केसांची गोळी चालू ठेवा." हे शेवटचं वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. नसेल तर माझ्या फोनमध्ये आहे.

जवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. बाळंतपणानंतर थायरॉईडला सूज येऊन ती आधी जोरात चालते आणि मग मंदावते, असा आजार असतो. शंभरातल्या साधारण पाच जणींना तो होतो. पण जोरात चालण्याची पायरी बहुधा पहिल्या काही महिन्यांत येते, माझे तर सहा होऊन गेले होते. त्यामुळे त्यांना ग्रेव्ह्जचा, म्हणजे थायरॉईड सतत जोरात चालवणाऱ्या दुसऱ्या आजाराचा, संशय आला. दोन्हींतला फरक सांगणारा स्कॅन अंगावर पाजत असल्याने टाळला. १६ एप्रिलपासून थायरॉईड दाबणारी कार्बिमाझोलची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. त्यांनी माझी नाडी नीट मोजायला हवी होती का? हवी होती. ते मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना सांगून आले आहे, या पत्रात तो विषय नको.

पुढच्या २४ दिवसांत माझं काय झालं ते थोडक्यात लिहिते, नाहीतर पुन्हा रडू येईल. नऊ दिवस बिनपगारी रजा. एकदा गॅसवर दूध ठेवून पार विसरले, पातेलं जळलं, बाळ शेजारच्या खोलीत होतं. नवरा एका रात्री म्हणाला, "रिपोर्ट म्हणतो इंजिन जोरात आहे आणि तू तर बंद पडत चाललीयेस." डॉक्टर नसलेल्या माणसाला जे दिसलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

१० मे रोजी हार्मोनतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी हात हातात घेतला. थंड. नाडी ५६. टाचेमागे छोटी हातोडी मारली तर पाऊल खाली गेलं ते सावकाश परत आलं. सगळ्या मंद थायरॉईडच्या खुणा. मग विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" मी पर्समधून तुमची बाटली काढली. त्यांनी ती पाहिली, मान हलवली आणि केसांची गोळी व कार्बिमाझोल, दोन्ही त्याच क्षणी बंद केल्या. चार दिवसांनी, १४ मे रोजी, दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं: टीएसएच ४१.६, फ्री टी-फोर ०.४२, थायरॉईडविरोधी अँटिबॉडी भरपूर. म्हणजे मंदावलेली थायरॉईड, आणि ती मी आणखी दाबत होते.

४१.६ मधलं किती मूळ आजाराचं आणि किती कार्बिमाझोलचं, हे आता सांगता येणार नाही. १२ एप्रिलला माझा खरा टीएसएच किती होता, हे तर कोणालाच कधी कळणार नाही. तो आकडा तुम्ही माझ्याकडून पैसे घेऊन हरवला आहे.

डॉक्टरांनी कारण समजावलं ते तुमच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिते. बऱ्याच हार्मोन तपासण्यांमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची जोडी चिकटपट्टीसारखी वापरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर ते आधीच जागा अडवून बसतं, जसे ठाण्याला गाडी येईपर्यंत कल्याण-डोंबिवलीचे लोक सगळ्या सीट पकडून बसलेले असतात. मग टीएसएच खोटाच कमी दिसतो. टी-फोरच्या तपासणीची रचना उलट असल्याने तो खोटाच जास्त दिसतो. दोन चुका मिळून एक नीटनेटका, पटण्याजोगा, पूर्ण चुकीचा आजार तयार होतो. तपासणीआधी किमान दोन दिवस गोळी थांबवली की प्रश्न मिटतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) याबद्दल २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा दिला. हे काही कालपरवाचं संशोधन नाही.

आणि तुम्हाला ते माहीत होतं. माझ्या रिपोर्टच्या सातव्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत ओळ आहे: बायोटिन घेणाऱ्यांमध्ये निकाल बदलू शकतात. ४ जूनच्या उत्तरात तुम्ही याच ओळीकडे बोट दाखवलंत. रक्त देण्याआधी पाळायची सूचना रक्त घेऊन झाल्यावरच्या कागदावर देण्यात काय अर्थ आहे? वर एका हाताने बायोटिन विकायचं, दुसऱ्या हाताने बायोटिनला फसणारी तपासणी विकायची, दोन्ही खरेद्या एकाच खात्यात नोंदवायच्या आणि ग्राहकाला एक प्रश्न विचारायचा नाही. गोळी विसरू नये म्हणून घंटी वाजवणारं ॲप "उद्या रक्त द्यायचंय, आज गोळी नको" असंही सांगू शकलं असतं.

माझ्या मागण्या अशा. तपासणी कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या पद्धतीने झाली हे मला लेखी द्या. ॲपमधल्या माझ्या थायरॉईडच्या आलेखात १२ एप्रिलचा ठिपका अजून तसाच आहे, उद्या एखादा नवीन डॉक्टर तो पाहून माझा डोस ठरवेल. तो काढा किंवा त्यावर 'बायोटिनमुळे अविश्वसनीय' अशी नोंद करा. ही माझ्या लेखी सर्वांत तातडीची मागणी आहे, पैशांच्याही आधीची. नोंदणीच्या फॉर्ममध्ये आणि रक्त घ्यायला येणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर हा प्रश्न मराठीत घाला. बाटलीवर इशारा छापा. आणि ज्या ग्राहकांनी दोन्ही गोष्टी तुमच्याकडून घेतल्या आहेत त्या सगळ्यांना कळवा. ती यादी तुमच्याकडे एका क्लिकवर निघते, जाहिराती पाठवताना निघतेच.

पैशांचा हिशोब: पॅकेज २,४९९, गोळ्यांच्या तीन बाटल्या २,०९७, पहिल्या डॉक्टरांच्या दोन भेटी १,६००, औषध २१०, पुन्हा केलेल्या तपासण्या १,८५०, नऊ दिवसांचा पगार १४,७६०. एकूण २३,०१६ रुपये. हार्मोनतज्ज्ञांची फी यात धरलेली नाही, कारण त्यांच्याकडे मला तसंही जावं लागलंच असतं. शारीरिक आणि मानसिक त्रासाबद्दल वेगळे ५०,००० रुपये.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं होतं. तो महिना उलटून गेला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. मी राहते तिथेच ती करता येते, आणि एवढ्या रकमेच्या खरेदीला शुल्कही लागत नाही. कूपन मी वापरलेलं नाही, वापरणारही नाही.

तब्येतीचं विचाराल (कोणी विचारलं नाही, तरी सांगते), तर थायरॉईडची उणीव भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी सुरू होऊन सहा आठवडे होत आले. परवा ऐरोलीचा जिना एका दमात चढले. थायरॉईड वर्षभरात पूर्वपदावर येते की गोळी कायमची लागते, ते पुढच्या तपासण्यांत कळेल. त्या तपासण्या तुमच्याकडे होणार नाहीत.

आपली,
तक्रारदार
(नाव, ग्राहक क्रमांक व फोन सोबतच्या बिलांवर आहेत)

सोबत: दोन्ही रिपोर्ट, सातव्या पानाची मोठी करून काढलेली प्रत, बाटलीचे फोटो, बिलं, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रजेचा दाखला.

ता. क. गोळ्यांची मासिक खरेदी मी १९ मे रोजीच बंद केली आहे. तरी आज सकाळी सात वाजता घंटी वाजली. "केसांची गोळी घेतलीत का?" बाळ उठलं.