पिकअप गेला की थ्रॉटल बॉडीच गेली?

महोदय,

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ऑटोमॅटिक स्पोर्ट्स गाड्या चवथीच्या सुमारास बाहेर निघतात आणि गराजात एकच तक्रार सुरू होते: एक्सलेटर दाबला तरी गाडी लगेच उचलत नाही. त्यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, बदला, नाहीतर पेडलला ‘थ्रॉटल कंट्रोलर’ नावाची डबी जोडा. पहिला बहुतेकदा घाईचा असतो, दुसरा तर निव्वळ भुलवणारा. ती डबी पेडलचा सिग्नल फुगवते, एवढेच. अर्धे दाबलेले पेडल ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, पाऊण दाबल्यासारखे दिसते. ताकद होती तेवढीच राहते आणि मूळ दोष झाकला जातो.

हल्लीच्या गाड्यांत एक्सलेटरची केबल नसते. पेडलमधले दोन सेन्सर ईसीयूला खबर देतात, किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा ते ईसीयू ठरवतो आणि मोटर थ्रॉटलची झडप उघडते. तेव्हा उशीर नेमका कुठे होतो ते आधी शोधायला हवे. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर पेडल टक्के, थ्रॉटल टक्के, आरपीएम, हवेचा प्रवाह आणि टर्बो असल्यास बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) एकत्र नोंदवावेत. रिकामा सरळ रस्ता, मॅन्युअल मोड, तिसरा गिअर, 2000 आरपीएम, आणि पेडल तळापर्यंत. स्क्रीनवर नजर दुसऱ्याने ठेवावी, चालवणाऱ्याने नव्हे.

पेडल शंभराच्या जवळ पोहोचतच नसेल तर पायाखालची मॅट काढून पाहा. पावसात मॅटवर आणखी रबरी मॅट टाकायची आपली सवय इथे नडते. मॅटचा दोष नसेल तर पेडलचा कनेक्टर उघडा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट कळंक चढतो. दोन्ही सेन्सरचे आकडे जुळेनासे झाले की पी2138 हा कोड येतो.

पेडल पूर्ण दाबलेले, पण थ्रॉटल अर्धेच उघडते, अशा वेळी थ्रॉटल बॉडीवर लगेच आळ घेऊ नये. बऱ्याचदा ईसीयूच हात आखडता घेतो. ब्रेक स्विच अडकला की ब्रेक दाबलेला आहे असे समजून तो ताकद कापतो, म्हणून मागचे ब्रेक लाइट सतत पेटलेले नाहीत ना ते पाहावे. इंजिन किंवा गिअरबॉक्स तापला असेल, चाके घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडत असेल, तरी हेच दिसते.

थ्रॉटल उघडले, तरी हवा वाढत नाही? एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, त्यांचे क्लॅम्प तपासा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत उंदीर व्हॅक्यूमची नळी कुरतडतात. गरम इंजिनाच्या आयडलला (पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना) हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा आकडा साधारण दर लिटर क्षमतेमागे सेकंदाला एक ग्रॅम असतो. दोन लिटरच्या इंजिनात दोनच्या आसपास. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलात केलेली वाढ-घट, आयडलला अधिक 10 टक्क्यांच्या वर आणि 2500 आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरते आहे. नळ्यांत धूर सोडून केलेल्या स्मोक टेस्टमध्ये जागा सापडते. तेल लावलेले फिल्टर बसवणाऱ्यांनी एअरफ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवावा, कार्ब क्लीनरने कदापि नाही.

टाकीत चार महिने पडलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतली ओल शोषते. नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) होऊ लागला की ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी मरगळते. अशा वेळी भाग बदलण्याआधी ताजे, कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल भरावे.

मॅन्युअल मोडमध्ये गाडी चपळ आणि ‘डी’मध्येच सुस्त असेल तर इंजिन सोडून गिअरबॉक्सकडे वळा. आधी इको मोड बंद आहे ना पाहा, मग तेल. ‘लाइफटाइम’ शब्दावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते.

सगळे आकडे ठीक आणि गाडी तरीही जड वाटते, तेव्हा थोडी चालवून चारही रिम्सजवळ हात न्या. एकच तापलेली असेल तर तिथला ब्रेकचा कॅलिपर गंजून धरला आहे.

थ्रॉटल बॉडी काळी पडली असेल तर ती साफ करता येते. मात्र इग्निशन बंद हवे, चालू असताना झडप बोटाने ढकलली तर तिच्या मोटरचे गिअर तुटू शकतात. नंतर स्कॅनरवरून लर्निंग करून (झडपेची बंद जागा ईसीयूला पुन्हा शिकवून) घ्यावे, नाहीतर आयडल डगमगते. ती बदलायचीच ठरली तर गराजकडून आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची प्रिंट घ्यावी आणि जुना भाग मागून घ्यावा.

– एक वाचक, फोंडा