सहा वाजून वीस मिनिटं: आमच्या दूधवाल्या दादांना

प्रिय दादा,

दारात आभार मानायला लागले की तुम्ही "अहो ताई, मी काय केलं, वेळ तर सांगितली" म्हणत जिना उतरू लागता. कोथरूडात अजून चार इमारतींचा रतीब घालायचा असतो, म्हणून मीही थांबवत नाही. पण त्या वेळेचं मोल तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नाही. ते आज सगळ्यांसमोर सांगते.

त्या दिवशी पावणेआठला उठले तर बाबा खुर्चीत कललेले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. पक्षाघाताचा झटका होता तो. शेजारचं कुणी म्हणालं पित्त असेल, पडू द्या. कुणी म्हणालं ॲस्पिरिन द्या. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने घात होतो. सुदैवाने दिली नाही. पहिल्या रुग्णालयात स्कॅनचं यंत्रच बंद होतं, आणि एवढं कळायलाच वीस मिनिटं गेली. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात म्हणे. त्या वीस मिनिटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरीकडे स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?" रात्री साडेदहाला, मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि सुरुवात कुणी पाहिली नसेल तर माणूस शेवटचा धड दिसला तिथून तास मोजतात. आमचे दहा उलटून गेले होते. झटका कधी आला याचा एमआरआयवरून अंदाज बांधून काही जणांना ते देता येतं, पण बाबांना जुना पेसमेकर, त्यामुळे तेही झटपट होणार नव्हतं.

तेवढ्यात मला ओट्यावरचं पातेलं आठवलं. त्यात दूध होतं, न तापवलेलं. मी घेतलं नव्हतं, आणि घरात आम्ही दोघंच.

तुम्ही पहिल्याच रिंगला फोन उचललात, गाडी कडेला घेतलीत. डॉक्टर एकेक विचारत गेले. सहा वीस झाले होते, कारण साडेसहाच्या आत तुम्हाला पुढच्या इमारतीत पोचायचं असतं. बाबांनी स्वतः दार उघडलं. "उद्या अर्धा लिटर जास्त घाला, बासुंदी करायची आहे," असं स्वच्छ बोलले. "पातेलं कोणत्या हातात होतं?" "उजव्या. भरेपर्यंत हात हलला नाही साहेब त्यांचा."

दहा तासांचे अडीच झाले, दादा, तुमच्या त्या एका वाक्याने.

मग धावपळ. रक्तदाब 206 होता. तो 185/110 च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत. वजन 60 किलो, किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, म्हणजे 54. त्यातला दहावा हिस्सा एकदम आणि उरलेलं तासभर सलाईनसारखं हळूहळू. सही घेताना डॉक्टरांनी काही लपवलं नाही. शंभरातल्या सुमारे सहा जणांना या औषधाने मेंदूत गंभीर रक्तस्राव होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. गुठळी सुटेलच असं नाही. आणि मेलेल्या पेशी कोणतंच औषध परत आणत नाही. माझा हात थरथरला, तरी सही केली.

दुसरा उपाय मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याचा. 2015 च्या चाचण्यांनी त्याचा गुण पक्का झाला आणि 2018 मध्ये निवडक रुग्णांना तो 24 तासांपर्यंत उपयोगी पडतो हे दिसलं. मात्र गुठळी मोठ्या वाहिनीत हवी. बाबांची अगदी बारीक फांदीत अडकलेली, तिथे नळी नेणं धोक्याचं. म्हणजे आमच्याकडे इंजेक्शन एवढंच होतं, आणि तेही तुमच्या शब्दावर मिळालेलं.

संध्याकाळी बाबांनी उजवा पाय उचलला. आठवड्याने बोटं वळू लागली. बोलणं मात्र पूर्ण आलेलं नाही. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. चहा हवा असला की "चावी" म्हणतात आणि स्वतःच मान हलवतात. रोज वाचा-उपचार चालू आहेत. किती परत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

तरी सहा वीसला ते दारात उभे असतात. "अर्धा" म्हणायला त्यांना अख्खं मिनिट लागतं, आणि घाईच्या वेळीही तुम्ही माप हातात धरून ते मिनिट थांबता. मी स्वयंपाकघरातून बघते. त्याचेही आभार मानायचे होते.

आणि एक. त्या दिवशीचं दूध नासलं म्हणून तुम्ही महिन्याच्या हिशोबातून वजा केलंत. ते परत लिहा. त्या दुधाचे पैसे मला द्यायचे आहेत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई