दाढीच्या क्रीममध्ये काय आहे, ते गिऱ्हाइकाला कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्यात गेली 26 वर्षे माझे केशकर्तनालय आहे. वस्तरा उजव्या हातात असतो, पण गाल ताणून धरणारी डाव्या हाताची बोटे दिवसभर फेसातच असतात. दोन वर्षांपूर्वी त्याच बोटांना खाज सुटली, मग कातडी फाटून भेगांतून रक्त येऊ लागले. कुणी म्हणाले पावसाळ्यामुळे असेल, कुणी म्हणाले खोबरेल लावा. सगळे करून झाले. दिवाळीआधी दुकानाला रंग दिला आणि चेहराही लाल होऊन सुजला. अखेर पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. त्यात एका जागी कातडी उठून आली. मेथिलआयसोथायाझोलिनोन. क्रीम नासू नये म्हणून घालतात ते हे रसायन, भिंतीच्या पाण्यातल्या रंगातही असते. एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर सुटत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

दुकानातली क्रीमची ट्यूब भिंग लावून वाचली. नाव होते, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला मुलाला बोलवावे लागले.

अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच या रसायनाला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले होते. अंगावर तसेच राहणाऱ्या प्रसाधनांत, म्हणजे आफ्टरशेव्ह लोशनसारख्या वस्तूंत, युरोपीय संघाने 2017 पासून त्याला बंदी केली. धुऊन टाकायच्या क्रीममध्ये दहा लाखांत 15 भाग, एवढीच मुभा ठेवली. सुगंधाचेही तसेच. तिथे ठरावीक प्रमाणाच्या वर असलेली ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्ये वेष्टनावर नावानिशी लिहावी लागतात. आपल्या ट्यूबवर बहुधा ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो. त्यात काय काय आहे, हे ना मला कळते, ना दाढीनंतर ज्याची मान रात्रभर आग मारते त्याला.

आपल्याकडेही घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. पण 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत 30 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या क्रीमला आणि 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाला त्यातून सूट आहे. छोटी ट्यूब किंवा पुडी घेणारा माणूस मोठी ट्यूब परवडत नाही म्हणूनच ती घेतो. त्याच्या कातडीला काय लागते, हे त्यालाच कळू नये? ही सूट मला अन्यायाची वाटते. छोट्या वेष्टनावर जागा नसेल तर यादी घडीच्या चिठ्ठीवर छापून आत घालावी.

आमच्या धंद्यातल्यांनाही सांगतो. मोठ्या डब्यातले क्रीम बिननावाच्या वाटीत काढून ठेवू नका, मूळ वेष्टन गिऱ्हाइकाला दिसेल असे ठेवा. कुणाची मान लाल झाली तर ‘वस्तरा लागला असेल’ म्हणून विषय मिटवू नका.

केंद्र सरकारने छोट्या वेष्टनांची सूट काढावी आणि सुगंधातली ॲलर्जीकारक द्रव्ये नावानिशी छापायला लावावीत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सलूनला माल पुरवणाऱ्या घाऊक दुकानांतली बिनलेबलची क्रीमे आणि रंगीत आफ्टरशेव्ह तपासावीत. मी आता हातमोजे घालून दाढी करतो. ओल्या गालावर पकड नीट बसत नाही, वेळ दुप्पट लागतो. जुनी गिऱ्हाइके तरीही थांबतात, त्यांचे उपकार आहेत.

आपला,
एक केशकर्तनालय चालक, सातारा